त्यांच्याकडे बघून मला आशा वाटते, हे चूक आहे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं अशी निघाली की लिहिणारी माणसं वेगळी, वयं वेगळी, पण गोष्ट एकच: जवळची माणसं अडचणीत आहेत, तरी काहीतरी धरून उभी आहेत, आणि त्यांच्याकडे बघून आपल्याला राजकारणाबद्दल परत काहीतरी वाटायला लागलंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, यावेळी हे तीनच. नावं, गावं काढली आहेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी 36 वर्षांची आहे, नोकरी करते, माझं स्वतःचं तसं ठीक चाललंय, आजूबाजूच्यांचं मात्र नाही. मोठी बहीण कंत्राटी नर्स आहे, सहा वर्षं झाली, कायम करू करू म्हणतात आणि दर वेळी नवीन कागदावर सही घेतात. शाळेपासूनची मैत्रीण आहे, तिच्या वडिलांना पक्षाघात झाला, त्यांना सांभाळता सांभाळता तिची नोकरी गेली, आता घरून मिळेल ते टायपिंगचं काम करते. आईचं कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं आणि ती बरी होते ना होते तोच मतदार यादीत ज्यांची नावं नाहीत त्यांचे फॉर्म भरून द्यायला लागली, आम्ही नको म्हणालो तर ऐकत नाही.

मी दोन वर्षांपासून बातम्या बघणं बंद केलं होतं. कुणी राजकारणावर बोलायला लागलं की मी उठून जायचे, काही बदलत नाही, सगळे सारखेच, असं माझं पक्कं मत झालं होतं. गेल्या महिन्यात मी बहिणीकडे गेले होते, ती नाईट ड्यूटी करून सकाळी साडेआठला आली, दारात एक बूट काढला आणि फोन वाजला. तिच्या वॉर्डातली नवीन मुलगी होती, तिला दोन महिने पगार नव्हता. ताई, माझी बहीण अर्धा तास तशीच उभी होती, एका पायात बूट, एक पाय फरशीवर, आणि त्या मुलीला सांगत होती की अर्जात आधी काय लिही, तारीख कुठे टाक, कुणाला प्रत दे, एकटी जाऊ नको, मी येते. मी बघत बसले आणि मला एकदम असं वाटलं की नाही, होईल, काहीतरी होईल. किती दिवसांनी वाटलं असं. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग लाज वाटली. ती दमून मेलीय आणि मला तिच्याकडे बघून उभारी येतेय, हे काय झालं? माझी आशा खरी आहे का मी स्वतःला बरं वाटून घेतेय? आणि तिच्याबद्दल जे एवढं भरून आलंय त्याचं करू काय?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या बुटापाशी थांबले.

तुम्हाला जी लाज वाटली ना, ती सगळी टाकून देऊ नका, थोडी ठेवा, कारण ती कामाची आहे. दुसऱ्याचे हाल बघून "काय जिद्द आहे बाई हिची" म्हणायचं आणि आपण आपल्या घरी जायचं, हे होतं, माझ्याकडूनही झालंय. पण तुम्ही पत्रात काय लिहिलंय ते परत वाचा. बहीण किती दमली होती यावर एक ओळ आहे, आणि ती फोनवर काय सांगत होती ते मात्र तुम्ही शब्दन् शब्द लिहिलंय. म्हणजे तुमचं लक्ष तिच्या दमण्यावर नव्हतं, तिच्या करण्यावर होतं. सहा वर्षांत जे ती ठेचा खात शिकली ते तिने अर्ध्या तासात दुसरीला दिलं, ती मुलगी आता सहा वर्षं मागे नाही. ह्यालाच मी राजकारण म्हणते. आपण तो शब्द निवडणूक आणि पक्ष आणि टीव्हीवरची भांडणं एवढ्यापुरता ठेवलाय म्हणून तुम्ही दोन वर्षं बातम्या बंद करून राजकारणापासून लांब राहिलात असं तुम्हाला वाटतं, पण तुमच्या घरात ते रोज चालू होतं, आई फॉर्म भरत होती, बहीण अर्ज सांगत होती.

जगात जे काही बदललंय त्यातलं बरंचसं अशाच घरच्या माणसांनी सुरू केलंय, आणि ते बळ फार आहे म्हणून नाही, दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. अर्जेंटिनात 1976 साली लष्कराने सत्ता घेतली आणि तरुण पोरं घरातून, रस्त्यातून उचलून नेली जायला लागली, परत आली नाहीत. त्यांच्या आया एकेकट्या ऑफिसांतून, पोलीस चौक्यांतून चकरा मारत होत्या, तिथल्या बाकांवरच त्यांची एकमेकींशी ओळख झाली. 30 एप्रिल 1977 ला त्यातल्या चौदा जणी राजधानीत, ब्युनॉस आयर्समध्ये, सरकारी वाड्यासमोरच्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या. जमाव करून उभं राहायला बंदी होती, पोलीस म्हणाले थांबू नका, चालत राहा, तर त्या चालायला लागल्या, जोडीजोडीने, चौकात गोल. मग दर गुरुवारी चालत राहिल्या. पुढे डोक्याला पांढरं कापड बांधायला लागल्या ते मुलांच्या लंगोटाचं कापड होतं. त्यांच्यात पुढे असलेल्या असुसेना व्हियाफ्लोर यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उचलून नेलं, मारलं, त्यांच्या अस्थींची ओळख पटायला 2005 उजाडलं. तरी बाकीच्या पुढच्या गुरुवारी आल्या. 1983 मध्ये लष्करी राजवट संपली. ज्या आज्यांची नातवंडं कैदेत जन्मली आणि दुसऱ्यांना देऊन टाकली गेली, त्या आज्यांनी शास्त्रज्ञांना गाठून रक्ताच्या तपासण्यांवरून आजी-नातवंडाचं नातं सिद्ध करायची पद्धत तयार करून घेतली आणि आजपर्यंत 130 पेक्षा जास्त नातवंडांची खरी ओळख लागलीय. मी जेव्हा जेव्हा हे आठवते तेव्हा मला त्या चौदा जणींपेक्षाही त्यांच्या शेजारच्या, बहिणी, मैत्रिणी यांचा विचार येतो, त्या दिवशी घरी मागे राहिलेली लहान पोरं कुणीतरी सांभाळली असणार ना.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आशा खरी का खोटी. मला वाटतं तुम्ही आशा आणि खात्री यांची गल्लत करताय. बहिणीला कायम करतील याची खात्री तुम्हाला कुणीच देणार नाही, मी तर नाहीच. महाडचं बघा. सार्वजनिक तळी, विहिरी अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि तो मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला ते साल 1923. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर मान्य केलं. कागद तयार, आणि पाण्याला हात लावायची कुणाची सोय नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, आणि त्याच दिवशी परतीच्या वाटेवर त्यांना मारहाण झाली. मग कोर्टात दावा, तो चालला, चालला, आणि हायकोर्टाचा निकाल लागला मार्च 1937 मध्ये. ठरावापासून धरलं तर जवळपास चौदा वर्षं. या चौदा वर्षांतला कुठलाही एक दिवस उचला आणि त्या दिवशी घरी बसलेल्या माणसाला विचारा, काही बदलतंय का, तो नाहीच म्हणेल, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही असेल. तुम्ही दोन वर्षं तेच बघत होता, एकेक दिवस. बहिणीच्या दारात तुम्हाला पहिल्यांदा दिवसाच्या पलीकडचं दिसलं. ती आशा खोटी कशी असेल, ती तर तुम्ही डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर उभी आहे.

आणि भरून आल्याचं काय करायचं ते सांगते, यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण कृतज्ञता ही फार पटकन फुकट जाते. कोरोनाच्या वेळी ब्रिटनमध्ये 2020 च्या वसंतात दहा आठवडे दर गुरुवारी संध्याकाळी लोक दारात, खिडकीत उभे राहून नर्सेससाठी टाळ्या वाजवायचे. टाळ्या मनापासून होत्या, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण डिसेंबर 2022 मध्ये त्याच नर्सेस पगारासाठी संपावर गेल्या, त्यांच्या संघटनेच्या शंभरहून जास्त वर्षांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा संप. टाळ्यांनी घरभाडं निघत नाही हो. तुमच्या बहिणीला तुम्ही "तू ग्रेट आहेस" म्हणालात तर ती हसेल आणि झोपायला जाईल, तिला तेवढीच झोप मिळेल जेवढी काल मिळाली.

तर तिला असं विचारा की या सगळ्यातलं कुठलं काम तुझ्या डोक्यावरून काढून घेऊ. तो अर्ज ती दर वेळी फोनवर तोंडी सांगते ना, एका रविवारी तिच्याजवळ बसा, ती सांगेल तसा टाईप करा, रिकाम्या जागा ठेवा, पुढच्या मुलीला तो नुसता पाठवता येईल. तुमची मैत्रीण टायपिंग करते म्हणालात, तिला हे काम द्या आणि पैसे देऊन द्या, मैत्रिणीकडून फुकट नको. आईबरोबर एक दिवस फॉर्म भरायला जा, पिशवी तुम्ही धरा. आणि हो, तोंडानेही सांगा, ते सोडू नका, पण नेमकं सांगा. "त्या दिवशी तू दारात उभी होतीस, एक बूट काढलेला होता, मी बघत होते आणि मला दोन वर्षांनी पहिल्यांदा बरं वाटलं." एवढंच. आपल्याकडे कुणी बघत होतं हे दमलेल्या माणसाला कळणं ही लहान गोष्ट नाही.

एक मात्र करा, तिला दमायची, चिडायची, सोडून द्यावंसं वाटायची मुभा ठेवा. कधी ती म्हणेल की मला काही नको आता, बास झालं. तेव्हा तुमची आशा टिकवायला तिने उभं राहायचं नाही. त्या दिवशी फोन तुम्ही उचला.

प्रश्न: माझं वय 61. माझा 40 वर्षांपासूनचा मित्र, लहानपणी पोलिओ झाला, कुबड्यांवर चालतो, बायको आजारी असते, पेन्शन तुटपुंजी. एका सरकारी इमारतीला रॅम्प व्हावा म्हणून तो अकरा वर्षं अर्ज, स्मरणपत्रं, भेटी करत होता. मागच्या वर्षी रॅम्प झाला. आता तिथून बाळांच्या गाड्या जातात, म्हातारी माणसं जातात, कुणालाही माहीत नाही तो कुणामुळे झाला. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी स्वतः वॉकर घेऊन त्याच रॅम्पवरून वर गेलो आणि वर पोचल्यावर मला पुढे काही दिसेना, डोळे भरले. मला त्याचा जाहीर सत्कार करायचाय, तो विषय काढला की उठून जातो. त्याचे आभार मानू तरी कसे?

उत्तर: काका, सत्काराचा हट्ट सोडा. ज्या माणसाने अकरा वर्षं "मला मेहेरबानी नको, हक्क द्या" असं म्हटलं त्याला स्टेजवर बसवून आपण परत कौतुकाची वस्तू करून टाकतो, त्याला ते टोचत असेल. माझा अंदाज आहे, चुकू शकते, तुम्ही त्याला जास्त ओळखता.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती त्यालाही सांगा. अमेरिकेत 1973 साली कायदा झाला की सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी अपंग माणसांना डावलायचं नाही, पण अंमलबजावणीच्या नियमांवर सही कुणी करेना, चार वर्षं गेली. 5 एप्रिल 1977 ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शंभराच्या वर अपंग माणसं सरकारी ऑफिसात शिरली आणि बाहेर पडायला तयार होईनात. व्हीलचेअरवरची, अंध, कर्णबधिर, काहींना रोजची औषधं आणि दुसऱ्याची मदत लागणारी, फरशीवर झोपली. फोन तोडले तर कर्णबधिर माणसांनी खिडकीत उभं राहून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांना निरोप दिले! आणि तीन आठवड्यांहून जास्त चाललेल्या त्या धरण्यात रोज गरम जेवण कुणी आणून दिलं, तर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी, ज्यांचे स्वतःचेच हाल चालू होते. त्यांचा एक कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स स्वतः व्हीलचेअरवर होता, आत बसलेल्यांत तोही होता, त्याच्यामुळे ती जोडणी झाली. 28 एप्रिलला सही झाली. मला या सगळ्यात ते जेवणाचे डबे आठवत राहतात, आभार मानायची ती मला सगळ्यात पटलेली रीत आहे.

मित्राला विचारा, आता पुढचं काय हातात घेतलंयस? अकरा वर्षं लढलेला माणूस रॅम्प झाला म्हणून घरी बसला असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात सार्वजनिक इमारती वापरण्याजोग्या करायची जबाबदारी सरकारवर टाकलीय, आणि तरी अकरा वर्षं लागतात, म्हणजे काम भरपूर पडलंय. तुम्ही निवृत्त आहात, पाय आता बरा आहे, पुढच्या भेटीला त्याच्याबरोबर जा आणि साहेब नाहीत, उद्या या, असं ऐकून एकदा त्याच्या शेजारी बाकावर बसून बघा. तो जर हो म्हणाला तर त्या अकरा वर्षांच्या तारखा एका वहीत लिहून घ्या, पहिला अर्ज कधी, कोण काय म्हणालं, मध्ये कधी सोडून द्यावंसं वाटलं. भाषणासाठी नाही, पुढच्या इमारतीसाठी लागेल कुणालातरी.

आणि वॉकर घेऊन वर गेल्यावर डोळे भरले हे तुम्ही मला लिहिलंत, त्याला सांगितलंत का? पत्रावरून नाही वाटत. आज फोन करा.

प्रश्न: मी 23 वर्षांचा आहे, स्पर्धा परीक्षा देतोय, दोन वेळा हुकली. रूमवर आम्ही चौघं, सगळ्यांच्या घरी कर्ज. माझे वडील खचत नाहीत, ते अजून गावच्या सभेला जाऊन प्रश्न विचारतात, हसतात लोक त्यांना, तरी जातात. त्यांच्यामुळे मला वाटतं की आपण पण काहीतरी करावं. पण मित्रांना हे सांगितलं तर ते म्हणतात तुझ्या बापाने विचारून काय झालं, काही नाही झालं. मला उत्तर देता येत नाही. त्यांच्यात आशा कशी जागवू?

उत्तर: अरे, जागवायला जाऊ नकोस. तू दोन वेळा हुकलेला, चौघंही कर्जवाले, त्यांना तुझ्याकडून भाषण नकोय, आणि खरं सांगू, ते जे म्हणतात त्यात राग आहे, आळस नाही. राग असलेला माणूस मला चालतो.

वडिलांनी विचारून काय झालं, याचं एक उत्तर राजस्थानात मिळतं. तिथे 1990 मध्ये मजूर आणि शेतकऱ्यांनी मजदूर किसान शक्ती संगठन उभं केलं, अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह त्यांच्याबरोबर होते. प्रश्न साधा होता, दुष्काळी कामावर आम्ही राबलो, मजुरी कमी का मिळाली, हजेरीपट दाखवा. दाखवत नव्हते. 1994 च्या डिसेंबरपासून त्यांनी गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, मिळालेले कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, आणि वाचता वाचता लोकांना कळायचं की जो कामावर गेलाच नाही त्याच्या नावाने पैसे उचललेत. 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणं झालं, घोषणा होती "हमारा पैसा, हमारा हिसाब". 2005 साली देशाला माहिती अधिकार कायदा मिळाला. आज तू दहा रुपयांच्या अर्जावर सरकारकडे कागद मागू शकतोस, तो हक्क असा आलाय, हसू झालेल्या माणसांच्या प्रश्नांतून. तुझ्या वडिलांसारख्यांच्याच.

माझी एक मैत्रीण होती, आता नाहीये. नवरा गेल्यावर त्याच्या नोकरीचे पैसे मिळवायला तिने पाच वर्षं चकरा मारल्या, दोन मुलं, शिवणकाम. तिच्याकडे एक प्लास्टिकची फाईल होती, तिच्यात फक्त पोच. अर्ज दिला की शिक्का मारलेली प्रत, आवक क्रमांक, तारीख, पेनने गोल केलेली. ती ज्यांच्या ज्यांच्याबरोबर ऑफिसात गेली, आणि ती पुढे खूप जणींबरोबर गेली, त्या सगळ्यांना ती एकच सांगायची, पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मला निराश वाटायला लागलं की मी अजून त्या फाईलचा विचार करते, निळी होती, कोपरा वितळलेला, बहुतेक इस्त्रीला लागला असावा.

तुझ्या मित्रांसाठी असं कर. चौघांना मिळून एकच त्रास असेल असं काहीतरी शोध, परीक्षेची लांबलेली तारीख म्हण, अडकलेली शिष्यवृत्ती म्हण, काहीही, पण चौघांचं. त्यावर एक अर्ज लिहा, तुम्ही अभ्यासात एवढे कायदे पाठ करताय, लिहाल चांगला. आशेबिशेचं काही बोलू नकोस. आणि जायच्या आधी वडिलांना फोन करून विचार की सभेत प्रश्न विचारताना पहिलं वाक्य काय म्हणता, सुट्टीला गेलास की एकदा त्यांच्याबरोबर सभेला जा आणि त्यांच्या शेजारी बस, मागे नको. अर्ज द्यायला मात्र चौघंही जा, आणि पोच तुझ्या नावावर घे.